काचेच्या सळयांचा साकव

आवाज झाला तेव्हा कुबलसर चहात बिस्कीट बुडवत होते. बंदुकीचा बार व्हावा तसा एकच, कोरडा आवाज. कॉलेजमागच्या रानात डुकरं मारायला कोणी ना कोणी बार काढायचंच, त्यामुळे मी मानही वर केली नाही. सरांनी मात्र कप खाली ठेवला. बिस्कीट त्यातच राहिलं.

"सामंतबाई, शेडमध्ये चला."

"सर, चहा तरी..."

"चला म्हटलं ना."

शेडमध्ये सिमेंटची धूळ अजून खाली बसली नव्हती. आमची तुळई मधोमध मोडून पडली होती आणि तिच्यावर रचलेले वजनाचे ठोकळे जमिनीवर इकडेतिकडे गेले होते. सकाळीच मी तिची मापं घेतली होती. तडा नव्हता, वाक वाढलेला नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. सर गुडघ्यांवर बसले आणि मोडलेल्या तोंडातून बाहेर आलेली सळई त्यांनी बोटांत धरली. तिचे तंतू जुन्या केरसुणीसारखे पिंजारले होते.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. शशिकांत कुबल हे माझे मार्गदर्शक. निवृत्त झाले होते, तरी रोज हजर असायचे. लग्न केलं ते काँक्रीटशी, असं कॉलेजात सगळे त्यांना चिडवायचे आणि त्यांना ते आवडायचं.

खाडीपलीकडे खाजणवाडी होती. सरांची थोरली बहीण, द्वारकाआक्का, तिथे दिलेली. वाडीचा पहिला साकव, म्हणजे खाडीवरचा छोटा पूल, खाऱ्या हवेने खाल्ला. आतलं लोखंड गंजून फुगलं, काँक्रीट फोडून बाहेर आलं आणि साकव पाडावा लागला. मग होडीतून ने-आण सुरू झाली. एका गणपतीच्या दिवसांत ती होडी भर खाडीत उलटली आणि आक्काचे यजमान त्यात गेले. सरांनी तेव्हा जे डोक्यात घेतलं ते पुरं करूनच सोडलं. लोखंडाचा तुकडाही न वापरता, रिक्षा जाईल एवढा साकव त्यांनी उभा करवला.

त्यातल्या सळया काचेच्या तंतूंच्या होत्या, रेझिनमध्ये घट्ट बसवलेल्या. त्या आधी जोर लावून ताणायच्या, तशाच ताणून धरून भोवती काँक्रीट ओतायचं, आणि काँक्रीट पक्कं झालं की सोडायच्या. सळई आखडायला बघते, काँक्रीटला आवळून धरते आणि तुळईला बळ येतं. गंजाचा प्रश्नच नाही. एका वेळी सात तुळया ओतल्या. सहा साकवाच्या तीन गाळ्यांना, म्हणजे खांबांमधल्या तीन भागांना, गेल्या आणि सातवी शेडमध्ये वजनाखाली ठेवली. साकवाचं पुढे काय होणार, ते आम्हाला आधी कळावं म्हणून.

"लोखंड सांगून मरतं," सर तुटक्या सळईकडे बघत म्हणाले. "तांबडे ओघळ काढतं, वाकतं, वेळ देतं. ही बया काही सांगत नाही. वर्षानुवर्षं ताण सोसते आणि एक दिवस तुटते." ते उठले. "तिकडच्या सहाजणी हिच्याच वयाच्या. साकव बंद करायचा. आजच."

*

"बंद? म्हंजे कसो बंद?" आक्काने सूप खाली ठेवलं. ती पडवीत कुळीथ पाखडत होती. वाडीची सरपंच तीच. नवरा गेल्यावर तहसीलदारापासून आमदारापर्यंत सगळ्यांची दारं तिने साकवासाठी झिजवली होती.

"आक्का, शेडातली तुळय मोडली. साकव तसोच मोडतलो. कधी, ता सांगूक येवचा नाय."

"भेग पडली हा खंय?"

"नाय."

"गंज?"

"ती सळय गंजाचीच नाय गे."

"मगे मोडतलो कसो?"

आक्काचा मुलगा सगुण दाराशी उभा होता. साकव झाल्यावर त्याने होडी विकून रिक्षा घेतली होती. तो हसून म्हणाला, "मामा, तुमीच सांगितल्यात, शंभर वर्सां बघूक नको म्हणान."

"चुकलंय," सर म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

आक्का म्हणाली, "महिन्यार गावपळण इली हा. रवळनाथाचो कौल झालो. गाव भायर काढू खंयसून? ढोरां, पोरां, म्हातारी माणसां, सगळ्यांक परत होडयेत घालू?"

गावपळण म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण घाटावरच्यांना खोटं वाटतं. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सगळं गाव घरंदारं उघडी टाकून वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, एकूण एक. तीन दिवस गावात चिटपाखरू राहायचं नाही. खाजणवाडीची वेस म्हणजे खाडी आणि वेस ओलांडायची ती साकवावरून.

"ह्या वर्सा नको करूया," सर म्हणाले.

"देवाक तू सांगतलस?" आक्काचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "शशी, होडयेन माणूस मरता ह्या मी बघितलंय. साकवावर कोण मेलेला मी बघूक नाय. तुज्या एका मोडक्या तुळयेसाठी माका परत होडयेत बसव नको रे."

सरांकडे उत्तर होतं, गणित होतं, आलेख होते. त्यातलं एकही त्या पडवीत चालण्यासारखं नव्हतं.

*

आम्ही वर कळवलं. सरकारी खात्याचा एक उपअभियंता आला, साकवाखाली होडीतून फिरला आणि वर येऊन म्हणाला, "सर, मी खाडीवरचे एवढे पूल बघतो, इतका स्वच्छ एकही नाही. तरी तुमचं समाधान म्हणून ओझं टाकून बघू. पेलला तर चालू, नाही पेलला तर बंद. कबूल?"

सर लगेच "कबूल" म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. अशा सळयांना एक दिवस ओझं टाकून काहीच कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"मोडेल तो," ते मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले. "शेडमधली मोडली, म्हणजे या काठावर आल्यात. माणसं काठावर उभी असताना मोडू दे. याहून चांगला दिवस मिळायचा नाही."

त्या दिवशी सगळी वाडी काठावर लोटली. गड्यांनी रांग लावून वाळूची पोती मधल्या गाळ्यावर नेऊन रचली. वाक मोजायची उपकरणं खाली लावून मी होडीत बसले होते. पोती रचून झाल्यावर गड्यांना मागे घेतलं आणि वाडीच्या म्हाताऱ्या गावकाराने नारळ हातात धरून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, ह्या तुज्या लेकरांनी साकवावर भार घातलेलो आसा. तो उभो ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोन्ही काठांवरून आवाज उठला.

"कोणाची नजर लागली आसात तर ती दूर कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी सरांकडे बघितलं. ते काठाच्या दगडावर एकटे उभे होते, हात मागे बांधून. त्यांचे ओठ हलत होते. त्या सगळ्या गर्दीत तेवढा एक माणूस देवाकडे उलटं मागत होता, आणि तोच साकव बांधणारा होता.

दिवस कलला. सुई जेवढी हलायला हवी तेवढीच हलली होती आणि पुढे सरकत नव्हती. पोती उतरवली तशी ती निमूटपणे जागेवर परत आली. होडीत माझ्यामागे बसलेल्या उपअभियंत्याने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "उत्तम. आमचे नवे पूलसुद्धा असे वागत नाहीत."

"उभो ऱ्हवलो! उभो ऱ्हवलो!" पोरं साकवावरून धावत सुटली. सगुणने आणि आणखी दोघांनी सरांना खांद्यावर उचललं. ढोल कुठून आला देव जाणे.

"उतरवा माका!" सर वरून ओरडत होते. "ऐका! आज उभो ऱ्हवलो म्हंजे फकत आज उभो ऱ्हवलो! ह्या ओझ्यान होता ता बळ पण कमी झाला!"

ढोलापुढे कोण ऐकतंय. आक्काने डोळ्यांना पदर लावला होता. मी काठावर उतरताच ती माझा हात धरून म्हणाली, "बघितलस गो? माज्या भावाचो साकव." तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान बघून मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

*

गावपळणीच्या सकाळी सर साकवाच्या तोंडाशी उभे राहून "थोडी थोडी माणसं या" म्हणून हातवारे करत होते. माणसं त्यांना हसून नमस्कार करत होती आणि घोळक्यानेच येत होती. गुरं एकमेकांना ढकलत आली. टोपल्यांतल्या कोंबड्या, डोक्यावरची भांडी, पाळण्यातली पोरं, सगळं आलं. शेवटी एक म्हातारी शेळी ओढत आली आणि सर मटकन खाली बसले. अलीकडच्या माळावर राहुट्या पडल्या, चुली पेटल्या. पलीकडे वाडी रिकामी झाली आणि साकवावर कावळाही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "छत्री घेऊन या. उन्हात उभं राहावं लागेल."

मी पोचले तर काठावर पोकलेन उभा होता, पुढे खडक फोडायची छिन्नी लावलेला. चालवणारा लांबून आलेला होता. त्याला गावपळणही माहीत नव्हती आणि साकवाचा इतिहासही.

"साहेब, परवानगीचं काय?" त्याने विचारलं.

"हा मी बांधलाय," सर म्हणाले.

"मग ठीक आहे."

माझ्या हातातून छत्री पडायची राहिली. "सर, तुरुंगात घालतील तुम्हाला."

"घालू देत. चहा मिळतो म्हणतात तिथे." मग ते माझ्याकडे वळले. "आत्ता वर कोणी नाही, पलीकडे कोणी नाही. असा दिवस परत काही वर्षांनी येईल. तोवर तो थांबणार आहे का? परवा सगळे परत निघतील, तसेच, घोळक्याने. तुम्ही माळाच्या वाटेवर उभ्या राहा आणि कोणाला जवळ येऊ देऊ नका."

मी उभी राहिले. मला कोणी विचारलं तर आजही सांगेन, मी पुन्हा उभी राहीन.

छिन्नीचा पहिला दणका बसला आणि माळावरून माणसं धावत सुटली. मी हात पसरून ओरडत होते, पण मला ढकलून सगळे पुढे गेले. सगुणने पोकलेनवर दगड मारला. तेवढ्यात तो आवाज झाला, शेडमध्ये झाला होता तोच, आणि अलीकडचा गाळा एका क्षणात खाडीत गेला. पाणी वर उडालं. मागून आलेली माणसं जागच्या जागी थांबली.

आक्का गर्दीतून पुढे आली. सर तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"काय केलस तू ह्या?"

"आक्का, आज वर कोण नाय होता. परवा सगळे..."

"पोती घातली तेव्हा पडलो? नाय. काल सगळो गाव येलो तेव्हा पडलो? नाय. तुका तो पडलेलो होयो होतो, म्हणान तू पाडलस." तिने तुटक्या टोकाकडे बोट केलं. "माजो घोव गेलो तेव्हा मी तुका बोलावून घेतलंय, भाव म्हणान. आजपासना माका भाव नाय."

सगुण अंगावर धावून गेला होता. त्याला तिनेच अडवलं आणि पाठ फिरवून माळाकडे चालू लागली.

*

वाडी होड्यांनी घरी परतली आणि गुरं पोहवत नेली. सरांवर खटला झाला, तारखा पडत राहिल्या. नवा साकव मंजूर झाल्याचं वर्तमानपत्रात आलं आणि पुढे ते मंजूरच राहिलं. उरलेले दोन गाळे खाडीत तसेच उभे होते, पलीकडच्या काठापासून आमच्याकडे यायला निघालेले आणि मध्येच तुटलेले.

पुढच्याच पावसाळ्यात, आषाढात, एका दुपारी सरांना वाडीतून फोन आला. आक्काच्या छातीत कळ आली होती. ते मला घेऊन रुग्णवाहिकेतून काठावर आले. खाडी फुगून लाल झाली होती आणि वाऱ्यात छत्री धरवत नव्हती. होडी पाण्यात घालायला कोणी धजेना. मग पलीकडच्या लोकांनी काय करावं? त्यांनी आक्काला खाटेवर घातलं आणि राहिलेल्या साकवावरून, तुटक्या टोकापर्यंत आणलं.

एका गाळ्याचं अंतर होतं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं.

"मागे व्हा!" सर जीव तोडून ओरडले. "सगुण, मागे जा, पडतलो तो!"

"मामा, दोर टाका! कायतरी करा!" पलीकडून सगुण किंचाळत होता आणि मामाला शिव्याही घालत होता.

दोर टाकले. वाऱ्याने ते पाण्यात नेले. बांबू जोडून बघितले, पोचले नाहीत. रुग्णवाहिकेतला डॉक्टर पिशवी हातात घेऊन नुसता उभा होता. एकदा आक्काने आमच्या बाजूला मान वळवली. काही बोलली का, ते वाऱ्यात कळलं नाही. थोड्या वेळाने सगुण खाटेवर पडून हंबरडा फोडू लागला, तेव्हा आम्हाला कळलं. साकव त्या सगळ्यांसकट, त्या वाऱ्यापावसात उभा राहिला.

त्यानंतर सर कॉलेजात आले नाहीत. मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. ते फक्त एकच विचारायचे.

"पडला?"

"नाही सर."

पडावा असं त्यांना वाटत होतं आणि मलाही वाटत होतं. उभ्या असलेल्या त्या दोन गाळ्यांनी त्यांना खुनी ठरवलं होतं. वाडीतली माणसं येणाऱ्याजाणाऱ्याला बोट करून दाखवायची, "बघा, अजून उभो आसा."

अशी सहा वर्षं गेली.

एका सकाळी मी त्यांच्या घरी असताना सगुण दारात आला. केस पांढरे झाले होते त्याचे. आक्का गेल्यापासून तो मामाचं नावही घेत नव्हता. तो सरळ आत आला आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला.

"मामा, साकव पडलो. काल दुपारी, मधलो गाळो. वारो नाय, पाऊस नाय, वर कोण नाय. आपसूक मोडलो. बार काढल्यासारखो आवाज झालो." त्याला धाप लागली होती. "आवशीक खाटेर घेवन आमी थयच उभे होतो. तुमी मागे व्हा म्हणान बोंबलत होतात, नि मी तुमका शिव्या घालत होतंय. तुमचा खरा होता, मामा. गाव वाचवलात तुमी. सगळे येतत तुमका भेटूक. माका माफ करा."

इतक्या वर्षांनी मला मनापासून आनंद झाला होता. "सर, ऐकलंत ना? तुम्ही बरोबर होतात."

सरांनी सगुणच्या डोक्यावर हात ठेवलेला नव्हता. ते भिंतीकडे बघत होते.

"काल," ते म्हणाले. "म्हणजे सहा वर्षं टिकला."

"वर माणसं नव्हती, रहदारी नव्हती," मी घाईने म्हणाले, "म्हणून टिकला सर. चालू असता तर कधीच..."

"सामंतबाई, मुलांना काय शिकवता तुम्ही?" ते चिडले नव्हते, थकलेले होते. "त्या सळईत ताण कोणाचा? येणाऱ्याजाणाऱ्यांचा किती, चिमूटभर. बाकीचा आपणच ओतताना भरलेला. वर माणसं असती, नसती, तो एवढाच टिकला असता."

ते खरं होतं. मला ते माहीत होतं आणि मी ते विसरायला बघत होते.

"सर, नको," मी म्हणाले. "त्याला सांगू नका."

त्यांनी माझं ऐकलं नाही. ते वाकले आणि सगुणची हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं.

"सगुण, हय बघ. त्या पावसात साकव उभो होतो. तेच्या मागसून सहा वर्सां उभो होतो. एक गाळो तेवढो नाय होतो आणि तो मी मोडललंय. तुजी आवस त्या दिवशी तुज्या रिक्षेत बसान ह्या काठार पोचली असती."

सगुणला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने सरांच्या पायांवरचे आपले हात काढून घेतले.